बिजेच्या चंद्राला हाक

कापून रचलेल्या बाजरीच्या सरमाडाचा कोरडा, गोडसर वास आणि विझत्या फुलबाज्यांचा धूर एकत्र आला, की मला अजून तिसगावची एकाहत्तर सालची भाऊबीज आठवते. पश्चिमेला गेरूच्या रंगाचा प्रकाश रेंगाळत होता, त्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटली होती, आणि गल्लीतल्या बायका ताटं सजवून अंगणात येत होत्या. माझं ताट मात्र देवघरातच होतं.

माहेरी आम्ही आधी चंद्राला ओवाळायचो आणि मग दादाला. त्या श्रावणात दादा विषमज्वराने गेला. आता नुसतं चंद्राला ओवाळून थांबायचं, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. शेजारच्या गंगूबाईला ना पाठचा भाऊ, ना पुढचा. ती दरवर्षी चंद्रालाच ओवाळी आणि दिवाळी सरताच ऊसतोडीला निघे. दारात येऊन ती म्हणाली, "बाई, चला की. माझा भाऊ लई लांब ऱ्हातो, पन यकदाबी चुकला न्हाई."

"हाक मारली तर ओ देतो का गं तो?" मी करवादलेच. ती बिचारी उंबऱ्याशीच बसून राहिली.

आणि आमचे हे! शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि उरलेला सगळा जीव त्या हौशी रेडिओत, म्हणजे घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बिनतारी बोलण्यात. पृथ्वीवरच्या गप्पांनी समाधान होईना, म्हणून ह्यांना चंद्रावर संदेश आपटून परत आणायचा होता. बैलगाडीचा मोडका आस परसात रोवून, त्यावरच्या आडव्या चाकावर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अवाढव्य सांगाडा उभारला होता. चाक ढकललं की तो भोवती फिरे, पण मान वर करणं काही त्याला जमत नसे. त्यामुळे चंद्र उगवताना किंवा मावळताना क्षितिजाला टेकला, की तेवढीच काय ती वेळ. वर्षभर त्यातून निव्वळ खरखर ऐकू आली होती. गल्ली त्याला मास्तरांचा मांडव म्हणे, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणे.

त्या सांजेला परसातून ह्यांची हाक आली, "अगं, लवकर ये!" आवाज असा कापरा, की मी धावलेच. ह्यांनी स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले, माझं बोट संदेशाच्या कळीवर ठेवलं आणि म्हणाले, "दाब, सोड, आणि ऐक."

मी दाबली, सोडली. नुसती खरखर. जाऊन यायला प्रकाशालाही अडीच सेकंद लागतात म्हणे. मला तर त्यात श्रावणापासूनचे सगळे दिवस मावलेले वाटले. आणि मग त्या खरखरीच्या तळातून, पलीकडच्या वस्तीवरून कुणी ओ द्यावी तशी, एक क्षीण शीळ आली.

मी पुन्हा कळ दाबली. पुन्हा ती आली. ह्यांचे डोळे भरून आले होते, वर्षाचे कष्ट फळाला आले म्हणून. माझं रडू निराळं होतं. दादा गेल्यापासून मनातल्या मनात त्याला मारलेली एकही हाक कुठून परत आली नव्हती.

मी देवघरातून ताट आणलं. कोर मावळण्याआधी तिला ओवाळलं. शेजारी गंगूबाईचं ताट हलत होतं. "काय म्हन्ला चांदोबा?" तिने हळूच विचारलं. मी माझ्या निरांजनाने तिची मंदावलेली वात पुन्हा उजळली.

ती शीळ म्हणजे माझीच हाक, हे मला तेव्हाही कळत होतं. पण इतक्या लांब जाऊन, चंद्राला शिवून आलेली ती हाक एकटीच परतली, असं मला आजही म्हणवत नाही.