कोहळं, कूड आणि कणगी

माझी लेक सहा महिन्यांची असताना माझी बदली पौडच्या पुढे, धरणाच्या वाटेवरच्या एका गावात झाली. मी शाळेत मास्तरीण, नवरा पुण्यात कारखान्यात. शनिवारच्या एसटीने यायचा. गावातल्या एका खात्यापित्या शेतकरी घराने आपली पडवी मला भाड्याने दिली. घरधन्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या बायकोला काकी. त्यांचं माजघर आणि माझी खोली यांच्यामध्ये कूड होता. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्हीकडून शेणमातीने लिंपायच्या. पलीकडे काकींनी लसूण ठेचला की अलीकडे माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या खोलीला आढं एकच, तेही कुडालगत, म्हणून लेकीची झोळी तिथेच टांगलेली असायची.

त्या वर्षी वरच्या वाडीवर दरोडा पडला. आबांनी हे मनाला लावून घेतलं. परवान्यासाठी चपला झिजवल्या आणि दसऱ्याच्या आधी पुण्याहून रिव्हॉल्वर घेऊन आले. फडक्यात गुंडाळलेलं ते त्यांनी मला दाखवलं ते मात्र पडेल चेहऱ्याने.

"बत्तीस बोअरचं हाय, बाई. मोटं मागितलं तर दुकानदार म्हनला, त्ये पोलिसाला न् मिलिट्रीला. आता बत्तीसनं मानूस पडतोय व्हय? नुसतं खाजवंल त्याला."

माणूस पडण्याबद्दल माझं ज्ञान शून्य होतं. मी आपली "चांगलं दिसतंय" म्हणाले. नव्या साडीला म्हणावं तसं.

आबांना रात्रंदिवस तेवढाच ध्यास लागला. पारावर बसून कुठली गोळी माणसाला जागीच थांबवते यावर ते तासन् तास बोलत. त्यांच्या धाकट्या भावाकडे रानडुकरांसाठी बारा बोअरची बंदूक होती. तो मुद्दाम आबांना डिवचायचा. शेवटी ठरलं, दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की दोघांनी कोहळ्यावर बार काढायचा. कोहळं दरवर्षी कोयत्याने कापायचे, यंदा गोळीने.

परसात गुरं सोडून गोठा मोकळा केला. गोठ्याच्या कुडाला टेकवून पाटावर कोहळं ठेवलं. आधी भावाने बार काढला. कोहळ्याच्या चिंधड्या उडाल्या, बिया आबांच्या धोतरावर आल्या, पोरं नाचली. मग दुसरं कोहळं ठेवून आबांनी नेम धरला. आवाज झाला, पण कोहळं जागचं हललंसुद्धा नाही. नुसतं बोटाएवढं भोक.

"बगा," आबा म्हणाले, "म्हनलं नव्हतं?"

एवढ्यात गोठ्यामागून काकींचा आवाज आला. तिथे न्हाणी होती, आणि न्हाणीत काकींचा माहेरचा तांब्याचा हंडा भरून ठेवलेला. त्यातून पाण्याची धार लागली होती. भावाच्या बंदुकीचे छर्रे बरेचसे कोहळ्यात आणि शेणमातीत अडकून राहिले होते. आबांची ती खाजवणारी गोळी मात्र कोहळ्यातून निघून कुडातून आरपार जाऊन हंड्याला भोक पाडून बसली होती.

हंड्यावरून भांडण होणार म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पण काकी भांडल्या नाहीत. हात पुसत सरळ माजघरात गेल्या. आबा मागे, मी आबांच्या मागे. रिव्हॉल्वर ठेवायचं ठरलेल्या कोनाड्यापाशी काकी उभ्या राहिल्या.

"चोर आला तर दारातनं येनार. तुमी हितनं मारनार. आन् चुकली तर?"

आबांनी दाराकडे पाहिलं. दाराला लागून कूड होता. कुडापलीकडे माझी लेक झोळीत झोपली होती. इतके दिवस मी त्या कुडातून लसणाचा वास येतो म्हणून खूश होते.

मला राग आला. खोली सोडावी तर गावात दुसरी खोली नव्हती. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि आबांना म्हणाल्या, "काडतुसं द्या हिकडं." ती त्यांनी मिरचीच्या बरणीत तिखटाखाली ठेवली. आबांसारखा माणूस ती काढायला तिखटात हात घालणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर भात झोडून घरात आलं. दरवर्षी कणगी, म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच, लिंपलेली टोपली, ओसरीवर असायची. त्या वर्षी काकींनी ती माजघरात, बरोबर माझ्या कुडाला लावून उभी करवली आणि आंबेमोहराने काठोकाठ भरली. माजघर अरुंद झालं, जाता-येता आबांचं ढोपर आपटायचं. ते करवादायचे. काकी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. कणगी भरली तशी काडतुसं मात्र आबांना परत मिळाली.

माघात एका दुपारी मी लेकीला मांडीवर घेऊन कुडाला पाठ टेकून पाजत बसले होते. पलीकडे आबा रिव्हॉल्वर पुसत होते. रिकामं आहे, अशी त्यांची खात्री होती. एकदम बार झाला. माझ्या डोक्यावर थोडी शेणमाती झडली. लेक दचकून रडायला लागली. मी तिचं डोकं, छाती, पाय चाचपत राहिले. कुठे काही नव्हतं. काकी धावत आल्या आणि त्याही तेच करू लागल्या. आबा दारात उभे होते. मोठ्या माणसाला तसं थरथरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांच्यावर ओरडायचं राहूनच गेलं.

कणगीला पडलेलं भोक काकींनी संध्याकाळी शेणाने लिंपून टाकलं. मी त्याच्याशेजारी बसून बघितलं. मी बसल्यावर लेकीचं डोकं येतं, तेवढ्याच उंचीवर ते होतं.

ज्येष्ठात कणगी तळाला आली. काकी उरलेलं भात पाखडत होत्या, लेक शेजारी बसून दाणे उधळत होती. सुपात काही खणकन वाजलं. काकींनी काळपट, तोंड चेपलेली गोळी उचलली, पदराला पुसली आणि तळहातावर ठेवली. मी त्यांच्या पायाला हात लावला.

"उटा, बाई," काकी म्हणाल्या. "आमचं ह्ये शानं झालोय म्हनत्यात खरं. पन कनगी आता रिकामी हाय. नवं भात येईस्तवर पोरीला माझ्यापाशी निजवा. गोळी आलीच, तर आदी मी हाय."

नवं भात येईपर्यंत माझी लेक काकींच्या कुशीत झोपली. काकी रोज कोनाड्याकडे पाठ करून निजत.