नारळावर घेतलेली मते

त्या दुपारी घाबरलो तितका नोकरीत पुन्हा कधी घाबरलो नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. प्रकरण होते एका खासगी क्लबच्या मतदानाचे.

तेव्हा रत्नागिरीतले एक पोलीस ठाणे माझ्याकडे होते. क्लब भाट्ये गावाच्या बाजूला, समुद्राकाठी. सभासद बहुतेक जहाजावर नोकरी करणारे, वर्षातले कित्येक महिने बाहेर. म्हणून नियम असा होता की, गैरहजर सभासदाने सहीचे पत्र देऊन आपले मत दुसऱ्याच्या हाती सोपवावे. त्याला प्रॉक्सी म्हणत. क्लबचे मैदान एका हॉटेलवाल्याला द्यावे, असा ठराव येणाऱ्या सभेपुढे होता.

बातमी दिली एका निवृत्त कप्तानाने. तोही सभासदच.

"साहेब, सभेला खुर्च्या रिकाम्या असतात आणि मतं सगळी सेक्रेटरीच्या खिशात. मैदान जातंय, आणि एकाही पोराने जहाजावरून मला फोन करून विचारलं नाही. हे कसं?"

तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि सेक्रेटरीला चौकशीला बोलावले. माणूस गोड बोलणारा. "सह्या त्यांच्या घरूनच आल्यात. विचारा की बायकांना." तो इतका निर्धास्त होता की मलाच धास्ती वाटली.

महिला हवालदाराला घेऊन घरोघर गेलो. सगळीकडे एकच उत्तर, "आम्हाला काही माहीत नाही." पण ते देताना प्रत्येकीची नजर देव्हाऱ्याकडे जायची. तिथे लाल फडक्यात बांधलेला नारळ. ज्या घरून प्रॉक्सी आली नव्हती, तिथे तो नव्हता.

मी आतल्या गावच्या शेतकरी घरातला, कॉलेज पाहिलेला घरातला पहिलाच. कायदा पुस्तकात शिकलो, पण हा नारळ मला घरातूनच ठाऊक होता. देवाला गाऱ्हाणे घालून, शब्द देऊन ठेवलेला. शब्द मोडला तर ज्याच्या नावाने ठेवला त्याच्यावर संकट येते, असे आमच्याकडे मानतात.

"जप्त करायचा का?" एका घरात मी हवालदार बाईंना हळूच विचारले.

हवालदार बाई मागे सरकल्या. "साहेब, माझी गडचिरोलीला बदली करा. पण त्याला हात लावायला सांगू नका."

खरे सांगतो, माझाही हात उठला नाही.

त्या घरातली बाई वयाने लहान होती. "कोणाच्या नावाने ठेवलाय?" मी विचारले.

"ह्यांच्या," ती कशीबशी म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जहाजावरून नवराच होता. तिच्याकडून फोन घेऊन मी स्पीकर लावला, ओळख सांगितली आणि प्रॉक्सीबद्दल विचारले.

"मी कसलीच सही केली नाही, साहेब. अगो, काय चाललंय तिकडे?"

"अहो, तुमची सही मीच..." ती एवढेच बोलली आणि फोन बंद पडला.

ती किंचाळली. "बोलले मी! गेलं जहाज!" परत परत फोन लावला, लागेना. हवालदार बाई देवाचे नाव घेऊ लागल्या. मी रेंजबद्दल काहीतरी समजावत होतो, पण स्वतःच पुन्हा पुन्हा फोनच्या पडद्याकडे बघत होतो. मागे समुद्राचा आवाज तेवढा येत होता.

अखेर फोन वाजला. "रेंज गेली गो. रडतेस कशाला? कोणी करायला लावलं ते साहेबांना सांग. मी धडधाकट आहे."

मग तिने जबाब दिला. सेक्रेटरी नारळ घेऊन आला होता. नवऱ्याचा होकार आहे, त्याच्या नावाने सही कर, म्हणाला. नारळावर हात ठेवायला लावून शब्द घेतला. "नवरा पाण्यावर आहे. कोणाला बोललीस, अगदी त्याला जरी, तर त्याच्यावर येईल."

एकीने तोंड उघडल्यावर बाकीच्याही बोलल्या. त्यांना साक्षीदार केले, सेक्रेटरीवर गुन्हा नोंदवला. ठराव थांबला.

नवरा घरी येईपर्यंत ती ठाण्यात फोन करायची. "साहेब, काही वाईट नाही ना व्हायचं?" मी "नाही" म्हणायचो आणि फोन ठेवून वादळाची बातमी बघायचो. एक दिवस त्याचाच फोन आला. "पोचलो, साहेब. ही झोपलीय, म्हणून मी केला."

मला फार उपदेश जमत नाही. एवढेच शिकलो की स्वतःच्या जिवाची भीती माणूस कधीतरी झुगारतो, आपल्या माणसाच्या जिवाची झुगारत नाही. पुढे नोकरीत कोणी साक्षीदार गप्प बसला की मी आधी विचारायचो, "घरचं कोण बाहेर आहे?"