मावशींनी भीत भीत दिलेलं मत

निखिलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "आई गेली गं... झोपेतच," एवढंच म्हणाला. निखिल आमचा इथला, अमेरिकेतल्या नोव्हाय गावातला शेजारी आणि वसुधामावशी त्याची आई. माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? सुटल्या एकदाच्या त्या भीतीतून. स्वतःचाच राग आला, पण खोटं कशाला सांगू?

मावशी मूळच्या नागपूरच्या. काका गेल्यावर मुलाकडे आल्या, ग्रीन कार्डावर काही वर्षं काढली आणि सत्तरी उलटल्यावर इथल्या नागरिक झाल्या. लोक शपथ घेऊन आले की पेढे वाटतात. मावशी पासपोर्ट पर्समध्ये घालून हिंडायला लागल्या. देवळात, फिरायला, अगदी कोथिंबीर आणायलासुद्धा. टीव्हीवर इमिग्रेशनवाल्यांनी कुणाला धरून नेल्याची बातमी लागली की त्यांचा घास हातातच राहायचा. मी एकदा चिडवलं, "मावशी, कोथिंबिरीला पासपोर्ट लागत नाही हो." तर म्हणाल्या, "हस तू. तिकडचा पासपोर्ट मी देऊन बसले. इथून नाव खोडलं, तर मी कुठली राहिले?"

तरीही त्यांना मत द्यायचं होतं. नागपुरात एकही मतदान चुकवलं नव्हतं. आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून केंद्रावर जायच्या. इथे ऑगस्टमध्ये राज्याची प्रायमरी होती, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक. निखिल टूरवर, म्हणून नाव नोंदवायला मी त्यांना गावाची मतदारयादी सांभाळणाऱ्या सिटी क्लार्कच्या ऑफिसात घेऊन गेले. मी स्वतः वर्क व्हिसावर, मला इथे मत नाही. चुकून माझंच नाव नोंदलं गेलं तर व्हिसाची वाट लागायची, म्हणून मी काउंटरपासून चार हात लांब उभी. काय पण जोडी आमची! मावशींनी नेहमीसारखी झोकात मराठीत सही केली. मतपत्रिका दर निवडणुकीला घरीच पाठवा, असंही सांगून आल्या.

मतपत्रिका आली. मावशींनी खुणा केल्या, पाकीट बंद केलं आणि वर सही करताना त्यांना वाटलं, सरकारी काम आहे, इंग्रजीतच केलेली बरी. शाळेतल्यासारखी एकेक अक्षर सुटं काढून सही केली. पुढच्या आठवड्यात क्लार्कच्या ऑफिसातून फोन आला, की पाकिटावरची सही तुमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, येऊन खात्री पटवा.

मावशी घरातल्या चपलांवरच माझ्या दारात. "फ्रॉडची केस करतील का गं माझ्यावर?" मी म्हणाले, नाही हो, साधी चूक आहे... पण माझीच खात्री नव्हती. त्यांनी घराचे पडदे ओढून घेतले, फोन बंद करून टाकला. "नको बापा ते मत. गप्प बसले तर विसरतील." मला तेच बरं वाटलं. मलाही त्या काउंटरपाशी परत जायचं नव्हतं.

आणि मग एका सकाळी त्या साडी नेसून हजर. चेहरा पार उतरलेला. "गप्प बसले तर माझी खोटी सही तशीच राहील तिथे. चल." क्लार्कबाईंसमोर त्यांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला आणि मराठीत सही केली. बाईंनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या. म्हणाल्या, जुळली, तुमचं मत मोजलं जाईल. गाडीत बसल्यावर मावशींना रडू फुटलं. "आता तरी भीती गेली ना?" मी विचारलं. "कुठची जातेय? पण भीत भीत दिलं तरी मत ते मतच ना."

परवा नोव्हेंबरच्या निवडणुकीचं पाकीट आलं, मावशींच्या नावाचं. निखिल म्हणाला, "तू कळवशील क्लार्कच्या ऑफिसात? मला नाही जमत गं." मी फोन लावला. मावशी वारल्याचं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी हळहळून विचारलं, "मग नाव यादीतून काढायचं ना?" ज्याच्या धास्तीने मावशींचा जीव अर्धा झाला होता, ते माझ्या तोंडून व्हायचं होतं... मी हो म्हणाले. "आणि आपण कोण बोलताय?" फोन ठेवून द्यावासा वाटला. मग मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि त्यांना लिहून घेता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं.