दहातली सात कडी

आमच्या घरात दोन नियम होते. पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन झालेल्या ठिकाणी पाऊल ठेवायचं नाही, आणि वाटायला बाहेर काढलेलं पत्रक परत घरी आणायचं नाही. दोन्ही नियम आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. ते शाळेत शिक्षक होते आणि नोकरी सांभाळून पत्रकं काढायचे. रस्त्यावर, रेशनवर, एसटीच्या बंद झालेल्या फेरीवर. मी अक्षरओळख शिकले ती त्या पत्रकांवरच. पुढं मीही लिहायला लागले. पोरगी बापापेक्षा जहाल लिहिते, असं गावात म्हणायचे. ते मला फार आवडायचं, हे आधीच कबूल करते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर रोषणाई झाली. ती करणारे काका तेर गावचे. लग्नाच्या, गणपतीच्या मांडवांना लायटिंग करायचे. आमच्या गल्लीचा गणपती दरवर्षी तेच उजळायचे आणि जाताना आबांकडून नवं पत्रक मागून न्यायचे. टाकीच्या निमंत्रणाचं कार्ड द्यायला ते स्वतः घरी आले. कार्डावर पुढाऱ्याचा फोटो होता. त्याखाली काकांनी पेनानं लिहिलं होतं, ‘उद्घाटन सोडा. नंतर कधीबी या, पण या.’ मी ते वाचलं आणि कार्ड पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकलं. असल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही मसुदे लिहितो.

आमच्या गच्चीवरून टाकी दिसायची. तिच्या पोटाभोवती एकावर एक दिव्यांची दहा निळी कडी होती, रोज दिवेलागणीला लागायची. दिवाळीत दहाच्या दहा लागत. संक्रांतीला सात. उन्हाळा आला तेव्हा तीनच उरली होती आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. मला मथळा सुचला : ‘नळ कोरडे, टाकीला दिवाळी!’ हाताला लागलं ते काकांचंच कार्ड. त्याच्या पाठीवर मी एका बैठकीत मसुदा लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : ‘दहातली सात कडी उन्हाळा यायच्या आत बंद पडतात, यावरून काम किती निकृष्ट आहे ते जनतेनं ओळखावं.’ आबांनी वाचून विचारलं, बघून आलीस का. गच्चीवरून दिसतंय की, मी म्हणाले.

आठवडी बाजारात मी पत्रकं वाटायला उभी राहिले. टाकीजवळ राहणारी एक मावशी तिथं भाजी विकते. तिला वाचता येत नाही, म्हणून मी मजकूर तोंडी सांगितला. ती हसायला लागली.

“बंद कुठली पडत्यात बाई? धरणात जेवढं पाणी, तेवढीच कडी लावतोय त्यो लायटिंगवाला. रोज धरणावर फोन करून इचारतो. खाली भोंगा लावलाय, त्यात घागर भरल्याचा आवाज हाय. दिवाळीत भडाभडा भरायची. आता नुसतं टपक टपक. परवा आमी बाया पाणीपुरवठ्याच्या साहेबाकडं गेलतो, तीन कडी पाणी हाय तर नळाला का न्हाय म्हनून.”

माझ्या हातात अर्धा गठ्ठा शिल्लक होता. काकांनी दिव्यांचं पत्रकच काढलं होतं, तेही न वाचता येणाऱ्या बाईला साहेबाच्या दारात नेणारं. हे मला तिथंच, वांग्यांच्या ढिगापुढं उभी असताना कळलं. त्यानंतर मी उरलेला गठ्ठा वाटला. मनात आबांचा नियम पुढं केला, पत्रक घरी न्यायचं नसतं. पण खरं कारण ते नव्हतं. लोक वाचून मान डोलवत होते, एक मास्तर पाठ थोपटून गेले होते, आणि मला थांबायचं नव्हतं.

दोन दिवसांत टाकी काळोखी झाली. लोकभावनेचा आदर करून रोषणाई काढली, असं साहेबानं सांगितलं. आबांच्या उभ्या आयुष्यात कुठल्या पत्रकाची इतक्या लवकर दखल घेतली गेली नव्हती. कडी दिसली की बाया पाणी विचारणार, आणि तो प्रश्न साहेबाला नको होता. तो मिटवायला त्याला माझा कागद मिळाला.

मी एसटीनं तेरला गेले. काका अंगणात दिव्यांच्या पट्ट्या गुंडाळत बसले होते. लवकर बिघडणारं लायटिंग आमच्या लग्नाला नको, असा एका घराचा निरोप आल्याचं त्यांनीच सांगितलं, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. मग म्हणाले, “ताई, कडी बिघडली न्हवती. पाणी खाली गेलतं.”

“मला माहीत होतं.”

त्यांचे हात थांबले. “कवापासून?”

“बाजारात कळलं. अर्धी पत्रकं वाटायची होती तेव्हा.”

“आन् वाटलीस?”

“वाटली.”

पट्टीचं टोक माझ्याकडं सरकवून ते म्हणाले, “धर. पीळ पडतोय.” मी धरलं. सगळ्या पट्ट्या आम्ही मिळून गुंडाळल्या. त्यांनी चहा दिला. पुन्हा ये, असं मात्र म्हणाले नाहीत.

पुढच्या बाजाराला मी दुसरं पत्रक घेऊन गेले. आबांनी ते तपासलं होतं, एक शब्दही बदलला नव्हता. पहिली प्रत भाजीवाल्या मावशीला दिली. तिनं ती माझ्याच हातात परत ठेवली आणि म्हणाली, “वाच की.”

मला ते मोठ्यानं वाचावं लागलं : काम चोख होतं. कडी धरणातलं पाणी दाखवत होती. मी न बघता लिहिलं, आणि खरं कळल्यावरही वाटत राहिले. शेजारचे दोघंतिघं ऐकत उभे राहिले. यावेळी कुणी मान डोलवली नाही.

“मग आता लागंल का टाकी?” मावशीनं विचारलं.

“न्हाय,” मी म्हणाले. “पट्ट्या काढल्यात.”

तिनं तराजू उचलला आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारलं.