सात नंबरचे बूट

आमच्या वाडीतली हौसा दर आठवड्याला भाजीची पाटी घेऊन देवरूखच्या बाजाराला जायची. वाट दोन तासांची, त्यातली निम्मी उघड्या कातळावरून. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरलं की चपला घसरतात, म्हणून बायका चपला पाटीत टाकून अनवाणी चालायच्या. हौसाही तशीच जायची. पण तिच्या उजव्या तळपायाला कुरूप झालं होतं, खडा टोचला की कळ डोक्यात जायची.

तिचा नवरा काशीराम मुंबईत कापड गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर विणणारा. ब्याऐंशी साली संप झाला आणि तो घरी आला. येताना पत्र्याची ट्रंक आणली आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वाडीने असे बूट तोवर फक्त कवायतीच्या मास्तरांच्या पायात पाहिले होते. मुंबईत आता पोरंसोरं सगळी हेच घालतात, असं काशीराम सांगायचा. चामड्याचा बूट लग्नाला ठीक. आठ तास साच्यापुढे उभं राहायचं तर रबरी तळ हवा, टाच दुखत नाही. सुटीच्या दिवशी धुऊन खडू लावला की त्यांच्यावरच फिरायला जाता येतं. गावात मात्र बूट घालून जावं असं ठिकाण नव्हतं. त्याने ते पडवीत खुंटीला टांगून ठेवले.

श्रावणात एका बाजाराच्या दिवशी हौसा उतरणीवर घसरली. गुडघा सोलला, मनगट सुजलं, काकड्या गडगडत खाली गेल्या. पुढच्या बाजाराला काशीराम संपाच्या सभेसाठी मुंबईला गेलेला होता. हौसाने खुंटीवरचे बूट काढले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि पाय घातले. तळाला खाचा होत्या, त्या शेवाळावरही धरून राहिल्या. कुरूप दुखलं नाही. बरोबरची चिमा वाटभर सांगत होती, की लोक हसतील. लोक हसलेच. पोलिसात भरती झालीस काय, असं एका व्यापाऱ्याने विचारलं. हौसाने त्याला काकडीचा भाव सांगितला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

काशीराम ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच परतला. पडवीत बूट पडले होते, तांबड्या चिखलाने माखलेले, नाड्यांना कशाही मारलेल्या गाठी. हौसाने काही लपवलं नाही. पडल्यापासूनचं सगळं सांगितलं.

तो पायरीवर बसून गाठी सोडवू लागला. एक नाडी सुटल्यावर म्हणाला, "विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर दिले असतेत?"

काशीरामने विचार केला. "नाही," तो म्हणाला.

मग त्याने बूट विहिरीवर नेऊन घासले. कापडावरून अंगठा फिरवला. विणकराचीच सवय ती. वीण घट्ट आहे, तळ आधी झिजेल, असं स्वतःशीच बोलला. बूट वाळल्यावर त्याने हौसाला समोर बसवलं आणि नाडी बांधायला शिकवली. "गाठ मारू नको. फास घाल. एक टोक ओढलं की सुटला पाहिजे." तिला ते चौथ्या खेपेला जमलं.

दिवाळीनंतर दोघं मांडवीला काशीरामच्या बहिणीकडे गेली होती. तिथून तो हौसाला रत्नागिरीतल्या एका चपलांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने बाईमाणूस बघून पट्ट्याच्या चपला पुढे मांडल्या. हौसाने वरच्या फळीकडे बोट केलं. ते पुरुषांचे आहेत, असं दुकानदार म्हणाला. काशीराम म्हणाला, "पुरुषांचेच द्या. पाच नंबर बघा."

ती दुकानात दोनदा चालून आली. नवे बूट पायात तसेच ठेवून, जुन्या चपला हातात घेऊन बाहेर पडली.

गिरणीतलं काम काशीरामला परत मिळालं नाही. पुढे त्याला देवरूखला एका लाकडाच्या वखारीत काम लागलं. तिथे तो आपले सात नंबरचे बूट घालून जायचा. बाजाराच्या दिवशी दोघं बरोबरच निघायची. वाडीतलं हसणं सालभरात संपलं. पुढच्या पावसाळ्याआधी चिमाने भावाला मुंबईला पत्र लिहवून घेतलं. पांढरे लवकर मळतात, म्हणून तिने निळे मागवले.