दुसऱ्या बॅचचे पांढरे स्फटिक

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. लिहिणाऱ्यांच्या घरातला मी नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे बाबांनी लोखंडी पट्टीवर खडूनं टाकलेलं माप. काम झालं की ते पुसलं जायचं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. आणि ज्या विषयाबद्दल लिहितोय त्यातही अजून शिकाऊच आहे. पुण्यात रसायनशास्त्रातली जाणती माणसं पुष्कळ. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर हसेल. हसावं. कुठे चुकलो असेन तर सांगावंही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्पासाठी एका सरांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथे बुरशीवर चालतील अशी नवी संयुगं बनवण्याचं काम चालायचं. एखादं संयुग जंतूवर, बुरशीवर किंवा पेशीवर काही परिणाम करत असेल तर त्याला जैवसक्रिय म्हणतात. बहुतेक संयुगं काहीच करत नाहीत. ती बनतात, बाटलीत जातात, बाटलीवर क्रमांक पडतो, संपलं. मला शिकवायला पीएच.डी. करणारी एक सीनियर होती. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही. तिच्या प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी काही संयुगं हवी होती. त्यातलं सातवं माझ्या वाट्याला आलं.

बुरशी हा शब्द आमच्या घरी नवा नव्हता. बाबा विश्रांतवाडीला ग्रिल आणि गेटं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतात. ठिणग्या उडतात म्हणून उन्हाळ्यातही जाड कपडे, आणि आत घामाच्या धारा. त्यांच्या कमरेला नायटा होता. मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब लावली की जायचा, थांबवली की पहिल्यापेक्षा मोठा होऊन यायचा. नायटा म्हणजे बुरशीच. हे मी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे लोणच्यावरची?" तिचं काही चुकलं नव्हतं. नात्यातलीच.

आमची संयुगं तपासणीला दुसऱ्या एका कॉलेजात जायची. तिथे ताटलीत बुरशी वाढवतात आणि मध्ये छोट्या खळग्यात संयुग घालतात. संयुग चाललं तर खळग्याभोवती बुरशी वाढत नाही, स्वच्छ वर्तुळ दिसतं. सातव्याचा निकाल आला तेव्हा ताईनं मोबाइलवर फोटो दाखवला. वर्तुळ चांगलं मोठं होतं.

"काय रे, पहिल्याच संयुगात?" ती म्हणाली. "मला असं वर्तुळ यायला तीन वर्षं लागली."

मी तो फोटो स्वतःकडे मागून घेतला आणि संध्याकाळी घरी दाखवला. बाबांनी चष्मा लावून पाहिला.

"मंग आणजो न थोडंसं डबीत. लावून पाहतो."

"गेटाचा रंग हाये का तो, लावून पाहाले?" आई म्हणाली.

मी समजावून सांगितलं, की ताटलीतली बुरशी मरते म्हणून अंगावर लावता येतं असं नाही. आधी कितीतरी तपासण्या, मग प्राणी, मग माणसं. कातडीशी ते कसं वागेल हे कुणालाच माहीत नाही. बाबांनी नीट ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "थांबतो मी."

मला ती गंमत वाटली. पण वर्कशॉपमध्ये ते सगळ्यांना सांगायला लागले, पोरगं नायट्याचं औषध करून राह्यलं. ते खरंच थांबले होते.

ताईच्या प्रकरणासाठी सातवं पुन्हा, जरा जास्त प्रमाणात बनवायचं ठरलं. ते बनवताना तांब्याचं मीठ, मोरचुदाच्या जातीचं, लागतं. ते प्रक्रिया चालू करतं आणि वेग देतं. काम झालं की ते काढून टाकायचं. त्यासाठी सगळा माल काचेच्या नरसाळ्यात घेऊन अमोनियाच्या पाण्यानं धुतात. तांबं पाण्यात उतरतं, पाणी निळं होतं, ते खालून सोडून द्यायचं. आमच्या प्रयोगशाळेत दोनदा धुवायची पद्धत होती. कुणी पाडली ते ठाऊक नाही. ताईला तिच्या सीनियरनं दोनदा शिकवलं, तिनं मला.

त्या दिवशी ताई मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती. मी एकटाच होतो. दोनदा धुतलं, पण पाणी अजून निळसर वाटलं. विचारायला कुणी नाही. छापील पद्धतीत लिहिलं होतं, पाण्याचा रंग जाईपर्यंत धुवावे. मी नरसाळ्यामागे पांढरा कागद धरला आणि धूत राहिलो. हुशारी म्हणून नव्हे. कुठे थांबायचं ते कळेना म्हणून. अमोनिया संपला तेव्हा स्टोअरला गेलो.

"अहो, पिता की काय?" स्टोअरवाले काका म्हणाले. "परवाच तर नेलात."

शेवटी मिळालेले स्फटिक मिठासारखे पांढरे होते. पहिल्या बॅचला किंचित हिरवट झाक होती. तो त्या संयुगाचाच रंग असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या बॅचचा निकाल आला. वर्तुळ नाही. बुरशी थेट खळग्याच्या काठापर्यंत वाढलेली.

सर आम्हा विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करतात, त्यामुळे त्यांचं बोलणं जरा जास्तच लागतं. "संयुगाला काही झालेलं नाही हो," ते म्हणाले. "करणाऱ्याला काही झालं असेल. पुन्हा करा."

मलाही तसंच वाटलं. घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्याला एक सवय असते. काही बिघडलं की तो आधी स्वतःच्या हातांकडे पाहतो. पण रचना तपासणाऱ्या यंत्राचा आलेख सांगत होता की हे सातवंच आहे, आणि पहिल्यापेक्षा शुद्ध आहे. जे शुद्ध झालं ते चालायचं थांबलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. आठवड्याच्या बैठकीत सर्वांचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, "सर, पहिल्या बॅचचा तो हिरवट रंग..."

आणि थांबलो.

"पुढे बोला. रंग पाहिला आम्ही."

"तो तांब्याचा असेल का? राहून गेलेल्या? तांबंही बुरशीला मारतं ना?"

ताई माझ्याकडे पाहत होती. तिचं अख्खं प्रकरण त्या सातव्यावर उभं होतं. सरांनी पेन टेबलावर ठेवलं.

"तर मग तिसरी बॅच करा. दोघांनी मिळून. आणि सोबत नुसतं तांब्याचं मीठही पाठवा तपासायला. हे आधीच पाठवायला हवं होतं. मीही विचारलं नाही."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "माझं प्रकरण बुडवतोयस, कळतंय ना?"

"सॉरी ताई."

"सॉरी काय? खरं असेल तर बुडू दे. व्हायव्हात बुडण्यापेक्षा बरं." आणि ती बॅग उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच नरसाळं काढून म्हणाली, "आण तुझा तो पांढरा कागद."

नमुने गेले. त्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, त्यामुळे निकाल लांबला. एका रविवारी बाबा अंघोळ करून बाहेर आले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. नायटा कमरेवरून पाठीवर चढला होता. लाल, कडेला खवले धरलेला.

"बाबा, ट्यूब लावत नाही का?"

"सोडली. तुह्यं येऊन राह्यलं न."

फोटो मीच दाखवला होता. कौतुकानं दाखवला होता. मी म्हणालो, "ते येईल की नाही, मलाच माहीत नाही. आलं तरी तुमच्या उपयोगाला येईल इतक्यात येणार नाही. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"एवढ्याशासाठी सुट्टी कायले टाकू?"

"पोरगं म्हणते तं जा न," आई आतून म्हणाली. "एवढं शिकवलं कायले मग?"

सरकारी दवाखान्याच्या त्वचाविभागात गर्दी होती. डॉक्टर मॅडमनी खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जुनी ट्यूब मागितली, मागचं वाचलं आणि बाजूला ठेवली. "यात स्टिरॉइड आहे, काका. खाज दाबते आणि बुरशी वाढवते. पुन्हा लावायची नाही. या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, बरं वाटलं तरी. कपडे रोज गरम पाण्यात, उन्हात वाळवायचे."

"माझा मुलगा औषधं करते," बाबा त्यांना म्हणाले.

"हो का? छान," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली. मी खाली पाहत होतो.

गोळ्यांच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे असताना ताईचा फोन आला. मी बाबांना रांगेत ठेवून जिन्यापाशी गेलो.

"तिसरीचा निकाल आलाय," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. "वर्तुळ नाही."

"आणि नुसतं तांबं?"

"त्याचं आहे. हुबेहूब पहिल्या बॅचसारखं." मग म्हणाली, "सर म्हणाले तुला आधी कळव. तुझी दुसरी बॅच बरोबर होती. सातवं संयुग बुरशीला काहीही करत नाही."