सेंटाचे शनिवार

शनिवार आला की आमच्याकडे आधी वास येतो आणि मग माणसं. गाडीचं दार उघडतं आणि पिशव्या उतरायच्या आत सेंट ओटीवर पोचलेला असतो. आमचं गाव कर्जतहून डोंगराच्या अंगाला आहे. पावसाळ्यात धबधबे बघायला मुंबईची मंडळी येतात. मुलगा पुण्याला स्थायिक झाला तेव्हा मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, त्या आम्ही पाहुण्यांना देऊ लागलो. आमच्या ह्यांनी खालापूरकडची नोकरी दम्यापायी सोडली होती, त्यामुळे घर त्या खोल्यांवरच चालायचं. आणि पाहुण्यांच्या सेंटाने ह्यांचा दमा उसळायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

सेंट एक असता तर निभावलं असतं. बायकांचा गोड, पुरुषांचा झणझणीत, पोरांचा तर डोळ्यांत जाणारा. शिवाय खोलीत पाऊल टाकल्याबरोबर फवारायचा वेगळा. तो का फवारतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घराला वास येतो म्हणून. चुलीचा, भाताच्या पोत्यांचा, ओल्या गोधडीचा वास त्यांना नको असतो आणि त्यांचा आम्हाला सोसत नाही. यात कोणाला दोष द्यायचा?

रविवारी ते गेले की माझं काम सुरू. चादरी दोनदा धुवायच्या, अभ्रे रात्रभर सोड्याच्या पाण्यात टाकायचे. पावसात ऊन कुठलं, मग गाद्या चुलीच्या खोलीत भिंतीला टेकवून वाळवायच्या. चार दिवसांनी उशीला नाक लावावं तर कोणातरी परक्या बाईचा वास तिथेच ठाण मांडून बसलेला. एकदा शेजारणीने सांगितलं म्हणून मी खोल्यांमधून ऊद फिरवला. सेंट गेला असेल नसेल, धुराने ह्यांचा जीव कासावीस झाला. आगीतून फुफाट्यात. तेव्हापासून वाटीत कोळसे ठेवते. कोळसा वास थोडाफार ओढतो, पण त्याने तरी किती ओढायचा.

मग पाहुण्यांना सांगत का नाही, असं कोणीही विचारेल. मुलगाही फोनवर तेच विचारायचा. पण पैसे देऊन आला तरी दारी आलेला तो पाहुणाच. त्याला तुमच्या अंगाचा वास आम्हाला चालत नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? त्यापेक्षा हेच उठायचे. शनिवारी जेवण झालं की उशी काखेत मारून मागच्या पडवीत, जिथे सरपण रचलेलं असतं, तिथे खाटेवर जाऊन पडायचे. पावसाची झड आत यायची, ओल छातीत बसायची. कोणी विचारलं तर म्हणायचे, मला मोकळ्यावरच बरं वाटतं. त्यांचं ताट मी तिकडे न्यायचे. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि आम्ही तो निमूट वागवत होतो.

सासूबाईंची एक शिकवण मी अजून मोडलेली नाही. सवाष्ण घरातून रिकाम्या ओटीने जायची नाही. मग ती पैसे देऊन राहिलेली का असेना, निघताना मी तिला कुंकू लावते, नारळ-तांदळाने ओटी भरते. यंदाच्या श्रावणात एक ठाण्याची बाई आली होती. माझ्या मुलाच्या वयाची, गोड बोलणारी. ओटी भरली तेव्हा तिचे डोळे भरून आले. मलाही काही द्यायला हवं म्हणाली आणि पर्समधून बाटली काढली. आमच्यात हळदीकुंकवाला कोणी अत्तर लावलं तर हात मागे घेत नाहीत. मी हात पुढे केला. तिने मनगटाला लावलं, गळ्याशी फवारलं, पदरालाही फवारलं आणि मला मिठी मारून गेली.

मी ह्यांचा चहा घेऊन पडवीत गेले. पायरीपर्यंत पोचले तोच त्यांनी हात वर केला.

"तितंच थांब गं," ते म्हणाले. "जवळ येऊ नको."

कप पायरीवर ठेवून मी मागे सरले. लुगडं बदललं, शिकेकाईने न्हाले, गळा चोळून चोळून लाल केला, तरी वास जाईना. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन टोकांना बसून बोलत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात भांडलो, अबोले धरले, पण जवळ येऊ नको असं ते मला कधी म्हणाले नव्हते. मला रडू आलं. त्या बाईचा राग नाही आला. आला तो नुसता शीण.

पुढच्या शनिवारसाठी एका गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं. घरात दम्याचा माणूस आहे, सेंट लावून येऊ नका, खोलीत काही फवारू नका. त्यांनी अदबीने विचारलं, लागण वगैरे होत नाही ना? नाही म्हटलं. मग घरी विचारून कळवतो म्हणाले आणि त्यांचा फोन काही परत आला नाही.

ह्यांनी ते ऐकलं होतं. "कशाला सांगितलंस?" म्हणाले. "येक रात बाहेर निजलो असतो. मला सवय हाय."

"घर तुमचं हाय," मी म्हटलं. "लोकं आत आन् तुमी बाहेर, ह्ये मला आता नाय बघवत."



त्या शनिवारी कोणी आलं नाही. खोल्या उघड्या टाकल्या होत्या, वारा आरपार जात होता. जेवण झालं, ह्यांनी हात धुतले, उशी काखेत मारली आणि पडवीकडे निघाले.

"अहो, आज कोन बी नाय घरात," मी म्हटलं.

ते दारातच थांबले. मागे वळून आधी खोल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मी निजू कुटं?" त्यांनी विचारलं.